पहिला कडू धूर

भांडी घासायला मला आवडतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, घरात माझ्याविषयी जे दोन-चार बरे शब्द बोलले जातात त्यांतला एक हा. पण ह्याच गुणापायी मी हिच्या मामांची कित्येक वर्षांची कमाई एका दुपारी मोरीत सोडून दिली होती, आणि वर साबण लावला होता.

वाशिंदला आम्ही फ्लॅट घेतला तेव्हाची गोष्ट. वास्तुशांतीला मामा आदल्या दिवशीच आले. टोकावड्याच्या पुढे, डांबरी सोडून आत गेलं की डोंगराच्या पायथ्याला त्यांचं गाव. तिथून मुरबाड, मुरबाडहून कल्याण, मग लोकल. आल्यावर त्यांनी घर पाहिलं नाही, पाणी मागितलं नाही. ‘बसतो जरा’ म्हणाले आणि भिंतीला टेकून झोपले. त्यांचा पायप खिडकीच्या कठड्यावर राहिला.

पायप म्हणजे ओढायचा पायप, लाकडाचा. मी तो उचलून आत डोकावलो, तर काजळीचा हा जाड थर. मला वाटलं, खेड्यातला म्हातारा माणूस, कोण साफ करून देणार ह्यांना. मग स्क्रू-ड्रायव्हरने आतलं सगळं खरवडलं, भांड्यांचा साबण लावला आणि मुलीच्या दुधाच्या बाटलीचा ब्रश आत फिरवून पायप लख्ख केला. गॅलरीत उन्हात वाळत ठेवला. कोणी उठून कौतुक करील म्हणून तिथेच घोटाळत राहिलो.

मामा उठले. पायप हातात घेतला, करंगळी आत घालून फिरवली. मग माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. पुन्हा भिंतीला टेकले.

‘जावय,’ ते म्हणाले, ‘शेगडी इझवलीत.’

तो थर म्हणजे घाण नव्हती. चुलीला आतून मातीचा लेप असतो तसा तो पायपाचा लेप. तो असला की आगीची धग लाकडाला लागत नाही आणि धूर गोड येतो. तो विकत मिळत नाही, ओढून ओढूनच धरतो.

‘मग आता?’ मी विचारलं.

‘आता काय. परत पयल्यापासून कडू प्यायाचं.’ मग म्हणाले, ‘बसतो जरा.’

हिने बाटलीचा ब्रश पाहिल्यावर ती काय म्हणाली ते इथे लिहीत नाही.

हिचे मामा म्हणजे हिला वडिलांच्या जागी. मामा-मामींना मूल नव्हतं आणि हिची शाळा टोकावड्याला, म्हणून पाचवीपासून ही त्यांच्याकडेच वाढली. भाताची शेती, चार गुरं, आणि उरल्या वेळात मामा पायप करीत. उरला वेळ असा त्यांना कधी असायचा हे मात्र मला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण काम नसेल तेव्हा ते बसलेले असत.

मामा जन्माचे दमलेले होते. आळशी नव्हे, दमलेले. आळशी माणूस काम चुकवतो, मामांनी कधी चुकवलं नाही. फक्त प्रत्येक कामाआधी ते बसत. एसटी थांब्यापासून गावापर्यंतच्या वाटेवर ओढ्यांवरच्या जेवढ्या मोऱ्या होत्या, तेवढ्यांच्या कठड्यांवर त्यांची बैठक होती. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याबरोबर चाललो तेव्हा मला वाटलं, माझ्यासाठी थांबतात. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, ‘मामा, मी दमलो नाही.’

‘मी दमलोय ना,’ ते म्हणाले. ‘थकवा हा पावना हाय, जावय. त्याला आदी पाट द्यायाचा. टेकला की त्यो आपसूक गप बसतो, मंग आपण कामाला मोकळं. उभ्यानं ठेवला त दिवसभर मागं मागं फिरतो.’

मी कल्याणच्या हापिसात हे तत्त्व एकदा वापरून पाहिलं. साहेबांना ते पटलं नाही.

पायप करायला ते कोणाकडून शिकले नाहीत. करायला लागले ते मामींपायी. त्या भागात म्हाताऱ्या बायका विडी ओढतात ह्यात कोणाला काही वाटत नाही, पण मामी तरुणपणापासूनच ओढत, आणि चालता-बोलता ओढत. एका वर्षी भात झोडून झालेलं, खळ्यात पेंढ्याची उडवी रचलेली. मामी विडी तोंडात धरून वर पेंढे फेकत होत्या. ठिणगी पडली. बघता बघता वर्षाचा गुरांचा चारा गेला. ही हकिगत मामीच सांगत, आणि सांगताना दोष सगळा वाऱ्याला देत.

‘मला वाटलं, आता ह्यो मारतोय मला,’ मामी म्हणत. ‘मी पाठ करून उभी ऱ्हायले. बघते त ह्यो खाली बसलाय. इझवून दमला नि बसला. म्हनतो काय, विडी सोडशील का? मी म्हनलं, नाय. म्हनतो, बरं.’

त्या ‘बरं’मधून पहिला पायप आला. त्याला वर झाकण होतं. बामच्या डबीचं झाकण खिळ्याने भोकं पाडून बसवलेलं, म्हणजे धूर बाहेर येईल पण ठिणगी आतच राहील. मामी त्यात विड्या मोडून तंबाखू भरीत आणि खुशाल उडवीवर चढत.

पहिला पायप आंब्याच्या लाकडाचा होता, तो महिन्याभरात जळाला. सागाचा केला तर मामी म्हणाल्या, दरवाजा ओढल्यासारखं वाटतं. असं करता करता मामा बोरीवर स्थिरावले. फांदी नव्हे, खोड आणि मूळ जिथे मिळतं तिथला गड्डा. शेताच्या बांधावरची बोर वाळून पडली की तो खणून काढायचा आणि भाताच्या तुसात पुरून ठेवायचा. दोन पावसाळे त्याच्याकडे बघायचं नाही. ‘त्यालापन बसू द्यायाचं जरा,’ मामा म्हणत. मग पटाशीने आकार, हातगिरमिटाने भोक, कानस, काचकागद, शेवटी मेण. नळी डोंगरातल्या मेस नावाच्या बारीक बांबूची, आणि ओठात धरायचं टोक शिंगाचं. त्यांची एक म्हैस होती, तिचं नाव चांदी. ती म्हातारी होऊन गेली तेव्हा मामांनी तिची शिंगं ठेवून घेतली होती. मामी टोक दातात धरून म्हणत, ‘चांदी दूध देत व्हती तवा येवडी कामाची नव्हती.’

तर हे पायप. पण मामांचा एक नियम होता, आणि ह्या सगळ्या गोष्टीचं मूळ त्यात आहे. नवा पायप ते कधी कोणाला देत नसत. आधी स्वतः ओढत. नवं लाकूड कडू असतं. धूर घशाला ओरखडतो, जीभ सोलते. पहिल्यांदा पायप तळापुरता भरायचा, मग अर्धा, मग पुरता. मध्ये निवू द्यायचा. असा तो कडवटपणा मामा स्वतः पिऊन टाकीत आणि आत करंगळीला लेप लागला की मगच पायप दुसऱ्याच्या हातात देत. टोकावड्यातले, आटगावातले, कुठकुठले म्हातारे त्यांचे पायप ओढत होते. त्या सगळ्यांचा पहिला कडू धूर मामांच्या छातीत होता.

कोणी म्हणे, उष्टा पायप कसा घ्यायचा. मामा म्हणत, ‘आई कालवण चाखल्याबिगर पोराला वाढते का?’

पैशांचं विचारलं की मात्र ते एकदम थकत. त्यामुळे कोणी कोंबडी आणून देई, कोणी नाचणी, कोणी नुसतंच येऊन बसे.

ह्या नियमामुळे एकदा मोठी गंमत झाली. गावात पाण्याची टाकी झाली, उद्घाटनाला कोणी मोठे पाहुणे आले. सरपंचांच्या मनात आलं, शाल-श्रीफळ सगळेच देतात, आपण आपल्या मातीतली वस्तू देऊ. मामांकडून पायप घेतला, त्याला लाल रिबीन बांधली. मी जावई म्हणून हार धरायला उभा. पाहुण्यांनी पायप उलटसुलट पाहिला. तो ओढायचा आहे हे त्यांना कोणी सांगितलं नाही. त्यांना ती एखादी पिपाणी वाटली असावी. फोटोवाला म्हणाला, साहेब, जरा तोंडाला लावा. साहेबांनी लावला आणि गाल फुगवून जोरात फुंकला.

मामांनी नियमाप्रमाणे पायप तीनदा ओढलेला होता आणि झाडायचा राहिला होता. सगळी राख साहेबांच्या पांढऱ्या कुडत्यावर आणि उरलेली सरपंचांच्या डोळ्यांत. मी घाईघाईने पुसायला गेलो आणि हातातल्या हाराचं पाणी त्या राखेवर सांडलं. म्हणजे आता तो कुडता धुऊनही निघणार नव्हता.

मामा मागे, जमिनीवर बसले होते. मी जाऊन विचारलं, ‘मामा, आता?’

‘वडायची वस्तू फुकली त आनि काय व्हनार,’ ते म्हणाले. ‘तुमी पन बसा जरा.’

मग मामांना दम लागायला लागला. आधी कोणाला कळलंच नाही, कारण मामा बसलेले असणं ही काही नवी गोष्ट नव्हती. मोऱ्यांच्या मध्ये दगडावरही बसायला लागले, तेव्हा मामींनी हिला फोन केला. आम्ही त्यांना वाशिंदला आणलं आणि शहापूरला डॉक्टरांकडे नेलं. छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडावर धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, ‘धूर बंद. स्वतःचा बंद, शेजारच्याचाही बंद.’

‘चुलीचा?’ मामांनी विचारलं.

‘तोही.’

‘मंग जेवन बंद.’

डॉक्टर हसले नाहीत. हीसुद्धा हसली नाही. बाहेर आल्यावर मामांनी खिशातून आपला पायप काढला आणि माझ्या हातात ठेवला.

‘घ्या,’ म्हणाले. ‘आता धुवा, पायजे तेवडा.’

तो माझ्या कपाटात आहे. मी धुतलेला नाही.

मामांनी त्या दिवसापासून ओढला नाही. मामींनीही सोडला. कोणी सांगितलं नव्हतं. ह्याच्यासमोर मी ओढायची आणि ह्याने बघायचं, हे बरं नाय, एवढंच त्या हिला म्हणाल्या. त्यांचा पायप तसाही तळाशी जळून भोक पडलेला होता, तो त्यांनी आढ्याला खोचून ठेवला. तंबाखूबद्दल चकार शब्द काढला नाही. घरात गॅस आला. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं झालं.

पण त्याच सुमाराला मामांचे डोळेही गेले. पूर्ण नव्हे, समोर माणूस आहे एवढं दिसे, कोण ते दिसत नसे. एका रविवारी मी एकटाच गेलो होतो. मामी विहिरीवर गेल्या होत्या. मामा अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले. मला म्हणाले, ‘ही हाय का घरात?’

‘नाही. विहिरीवर गेल्यात.’

‘आसं व्हतं आता,’ ते म्हणाले. ‘आदी मला विचारायला लागत नव्हतं. तिच्या पायपाचा वास यायाचा. गोठ्यात हाय, माळ्यावर हाय, मागल्या दारी हाय, डोळं मिटून सांगत व्हतो. आता हाक मारायला लागते. हाक मारायला दम पायजे. सारकं सारकं मारवत नाय. मंग बसून ऱ्हातो, येल तवा येल म्हनून.’

मी काहीतरी बोललो. डॉक्टरांचं म्हणणं, वगैरे. माझं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं, जसं पूर्वी उडवी जळाली तेव्हा मामींचं ‘नाय’ ऐकून घेतलं असेल.

मला नंतर कळलं की त्यांनी त्याआधीच तुसातला शेवटचा गड्डा काढला होता. दिसत नव्हतं म्हणून सगळं अंगठ्याने चालू होतं. पटाशीचा एक टवका काढायचा, अंगठा फिरवायचा, बसायचं. पूर्वी आठ-पंधरा दिवसांत होणारं काम ह्या वेळी भाताची लावणी होऊन भात निसवेपर्यंत चाललं. भोक थोडं बाजूला गेलं होतं. ओठात धरायचं टोक चांदीच्या शिंगाच्या शेवटच्या तुकड्याचं. झाकणही केलेलं.

पायप झाला, आणि मग अडचण आली. तो आधी ओढणार कोण?

मामांनी प्रयत्न केला. एका दमातच अशी उबळ आली की मामींनी पायप हिसकावून घेतला. म्हणाल्या, ‘मला नको पायप नि काय. नि दिलास त मी वडीन कच्चा. मला काय धाड भरते.’

‘नाय,’ मामा म्हणाले. ‘तुला आजवर कच्चा दिला नाय गो. आता जायाच्या टायमाला देऊ?’

‘मंग ठेव तसाच.’

दोघंही हट्टी. पायप कोनाड्यात पडून राहिला. पुढच्या खेपेला मी गेलो तेव्हा मामांनी मला जवळ बोलावलं.

‘जावय, येक शेगडी इझवलीत ना?’

मला वाटलं, गेली वीस वर्षं जे टळलं ते आज ऐकावं लागणार.

‘मंग येक पेटवा,’ ते म्हणाले.

मी आयुष्यात सिगरेटसुद्धा धड ओढलेली नाही. कॉलेजात एकदा ओढली तेव्हा शेजारच्याने पाणी मारलं होतं. पण नाही म्हणता येईना. मामांना मी वाऱ्याच्या वरच्या अंगाला, लांब गोठ्यापाशी बसवलं आणि खळ्याच्या टोकाला जाऊन पायप पेटवला. पहिल्या दमात डोळ्यांतून पाणी आलं, दुसऱ्यात उचकी लागली. तिथे बांधलेली शेळी दोरी ताणून लांब जाऊन उभी राहिली. मामी दारात तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्यांना इतकं हसताना मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं. आणि गोठ्यापाशी बसून, डोळे मिटून, मामा नुसत्या आवाजावरून सांगत होते, ‘हळू. च्या पिताय का? हळू. थांबा. बसू द्या त्याला जरा.’

ती चव काय सांगू. कडुनिंबाच्या काड्या तेलात तळून वर चुलीची राख भुरभुरावी तशी. तेव्हा मला पहिल्यांदा खरं कळलं की हा माणूस हे गावोगावच्या म्हाताऱ्यांसाठी पीत आला.

शेवटी मामांनी करंगळी घालून पाहिली. ‘अजून लाकूडच लागतंय,’ म्हणाले. ‘म्होरल्या रयवारी या.’

घरी आलो तर हिने मला दारातच अडवलं. शर्ट तिथेच काढून घेतला आणि तडक बादलीत टाकला. हे नेहमीचंच. मामांकडून आलेल्या कपड्यांचा वास तिला घरात चालत नसे. त्या दिवशी मात्र ती साबण चुरताना बोलत राहिली. ‘मामा संपत आलाय, आणि तुम्ही दोघं तिथे बसून धूर करताय. डॉक्टर काय म्हणाले ते तुमच्यासमोरच म्हणाले ना? मामाला नाही कळत, तुम्हालाही नाही?’ मी वाद न घालता बादलीत पाणी ओतलं. एक तर ती खरं बोलत होती, आणि दुसरं, मला अजून उचक्या लागत होत्या.

दुसऱ्या रविवारी अर्धा भरून ओढला. तिसऱ्या रविवारी ही माझ्याबरोबर आली. मामाला भेटते आणि हा पोरखेळ एकदाचा बंद करते, असं एसटीत म्हणत होती.

मी पायप पुरता भरून ओढला. मळमळलं, पण उचकी लागली नाही. ही ओटीवर बसून माझ्याकडे बघत होती, मी एखादं गुन्ह्याचं काम करत असल्यासारखं. मामांनी करंगळी घातली. बराच वेळ फिरवली. मग कोमट पायप दोन्ही तळव्यांत धरून बसले.

‘धरलाय,’ म्हणाले. ‘गो, हा घे तुझा.’

मामी आल्या. आधी पदराला हात पुसले. पायप घेतला, कमरेच्या पिशवीतून विडी काढून मोडली. म्हणजे विड्या कमरेला होत्याच. इतके महिने त्यांनी त्या नुसत्या बाळगल्या होत्या. त्यांनी पायप पेटवला, झाकण लावलं आणि आमच्यापासून लांब, खळ्याच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. वारा तिकडून पलीकडे जात होता. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणेच सगळं होतं.

मामा उठले. खुर्चीचा हात धरला आणि ती वाऱ्याच्या खालच्या अंगाला, धूर जात होता तिकडे, ओढायला लागले. दोन पावलांत दम लागला. खुर्चीला धरून वाकून उभे राहिले.

ही ओटीवरून उतरली. मला वाटलं, आता ती रागावणार. ‘मामा,’ ती म्हणाली. तिने एका हाताने त्यांना धरलं, दुसऱ्या हाताने खुर्ची ओढत नेली आणि त्यांना खळ्याच्या पलीकडे, वारा मामींकडून येत होता तिथे बसवलं.

‘बसतो जरा,’ मामा म्हणाले.

मामींनी हे पाहिलं की नाही कोण जाणे. त्या आपल्या पायप ओढत खळ्यावरून गोठ्याकडे गेल्या, शेळीला पाला टाकला, मागल्या दाराकडे वळल्या. मामांनी डोळे मिटले होते, पण तोंड हळूहळू वळत होतं. गोठ्याकडे, मग शेळीकडे, मग मागल्या दाराकडे. एकदाही चुकलं नाही. हाक मारली नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं. आम्ही निघालो तेव्हाही ते तसेच होते, म्हणून आम्ही निरोपही घेतला नाही.

भात कापायला आलं तेव्हा ते गेले. मामी सांगत होत्या, जेवून खुर्चीत बसले होते, बसूनच गेले.

तेरावा उरकून आम्ही वाशिंदला परत आलो. घरात कपड्यांचा ढीग साचला होता. मला स्वस्थ बसवेना, म्हणून बादलीत साबण कालवला आणि कपडे गोळा करत फिरलो. बेडरूमच्या दारामागे खुंटीला, हिच्या ओढणीखाली, माझा त्या तिसऱ्या रविवारचा शर्ट होता. बादलीत गेलाच नव्हता. मी तो काढला आणि मोरीकडे निघालो.

ही स्वयंपाकघरातून आली. शर्ट माझ्या हातातून घेतला.

‘हा राहू दे खुंटीला,’ ती म्हणाली. ‘मामाच्या घरचं एकदा धुतलंत, तेवढं पुरे.’